बेडार्डचे वजा ४४: पोरगा कच्चा की टीम फुसकी?

खानापूरकर: १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सोनं आणणाऱ्या बंडू पाटलांचं हे बेळगाव, पण आईस हॉकी बघणारी आपल्यात चारच टाळकी. म्हणून इथंच विचारतो. एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली आईस हॉकी लीग; तिथल्या शिकागो ब्लॅकहॉक्सनं २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, कॉनर बेडार्डला पहिल्या नंबरला उचललं. पहिल्या हंगामात ६८ मॅच, २२ गोल, ३९ असिस्ट (गोलाआधीचे पास), नवोदितांची काल्डर ट्रॉफी. पण प्लस-मायनस, म्हणजे तो बर्फावर असताना टीमनं केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा, तो वजा ४४! दुसऱ्या हंगामात ८२ मॅचमध्ये ६७ पॉइंट (गोल अधिक असिस्ट), तरी वजा ३६. पुढं शायनिंग, मागं पळायचं नाव नाही. माझा तर भरवसा उडाला.

टिळकवाडीकर: काय सांगूलालास मर्दा! प्लस-मायनस मोजतात कसं ते बघ आधी. पॉवरप्लेवर, म्हणजे समोरचा गडी शिक्षा भोगत बाहेर बसलेला असताना, मारलेला गोल त्यात धरतच नाहीत. उलट शेवटी आपला गोली काढून जादा माणूस उतरवला आणि रिकाम्या जाळ्यात गोल बसला, की तो वजा. हरणाऱ्या टीमचा मुख्य गडी त्या वेळी बर्फावर असणारच की. ब्लॅकहॉक्स दोन्ही वर्षं ३२ टीममध्ये ३१ वे.

वडगावचा पैलवान: टीमचं रडगाणं नको. २०२४ चा पहिला नंबर सेलेब्रिनी, त्याची टीम सॅन होजे शार्क्स २०२४-२५ ला सगळ्यात तळाला होती. पोरानं ७० मॅचमध्ये ६३ पॉइंट काढले.

टिळकवाडीकर: बेडार्डच्या पहिल्या वर्षीच्या ६१ पॉइंटला ६८ नं भाग, सेलेब्रिनीच्या ६३ ला ७० नं भाग. दोन्हीकडं ०.९०. आणि प्लस-मायनस त्याचाही वजाच. बेडार्डचा तर जानेवारी २०२४ मध्ये जबडा मोडला होता.

वडगावचा पैलवान: आकडा सारखा असंल, खेळ नाही. सेलेब्रिनी मागं येऊन पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, काढून नेतो. बेडार्ड पहिल्या वर्षी शंभरातले चाळीस फेसऑफसुद्धा (दोघांत पक टाकून खेळ सुरू करतात ती झटापट) जिंकला नाही. तालमीत पोराचा डाव बघून कोण भाळतंय? खाली गेल्यावर कसा सुटतो ते बघतात.

शहापूरची ताई: मी पोरांना साधी हॉकी शिकवते, मैदानावरची. बेडार्डचा रिस्ट शॉट, म्हणजे मनगटाच्या झटक्यानं मारलेला फटका, स्लो करून बघा. सोडायच्या आधी पक जरासा अंगाकडं ओढतो. तेवढ्यात कोन बदलतो आणि गोली आधीच्या जागेवर पाय रोवून बसलेला असतो. एनएचएलच्या आधी रेजायना पॅट्स या ज्युनियर टीमकडून शेवटच्या हंगामात ५७ मॅचमध्ये ७१ गोल उगाच नाही झाले. मागं पळायला मी कुणालाही शिकवीन. हा हात कुठून आणू?

खानापूरकर: ताई, हात याकुपोवकडंही होता. २०१२ चा पहिला नंबर, पहिल्या वर्षी ४८ मॅचमध्ये १७ गोल. २०१८ नंतर एनएचएलमध्ये दिसला नाही.

शहापूरची ताई: याकुपोव पास कुठं द्यायचा? बेडार्डचे ३९ असिस्ट तूच लिहिलेस वर.

खानापूरकर: बरं. एका हंगामात ९० पॉइंट केले त्यानं, तर कुंदा माझ्याकडून.

वडगावचा पैलवान: आणि फेसऑफ पन्नास टक्के. नाहीतर कुंदा अर्धा किलोच.