रिव्हिजन १० टेबलात असताना क्वेरी ९ च दाखवते, ४६ जॉब स्क्रॅप झाले

बोअरगेज
नमस्कार मंडळी. मी भोसरीत एका जॉबवर्कच्या शॉपमध्ये क्वालिटीला आहे, प्रोग्रामर नाही. पण ड्रॉइंगचा डेटाबेस मीच सांभाळतो, कारण तीन वर्षांपूर्वी कपाटातल्या फायली उपसून मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये तो भरला मीच. मशीनजवळच्या स्क्रीनवर ड्रॉइंग नंबर टाकला की शेवटची रिव्हिजन (ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती) उघडली पाहिजे, एवढंच त्याचं काम.

मंगळवारी सेकंड शिफ्टला एका हाउसिंगचा लॉट लागला. स्क्रीनवर रिव्हिजन ९ आली. तिच्यात बोअर (आतलं भोक) ३२ जी ७, म्हणजे व्यास ३२.००९ ते ३२.०३४ मिमी चालतो. टूल झिजत जातं तसा बोअर लहान होतो, म्हणून सेटरने (मशीन लावून देणाऱ्याने) सुरुवात वरच्या बाजूला धरली, आणि ते बरोबरच आहे. सगळे जॉब ३२.०२७ ते ३२.०३१ मध्ये निघाले. सकाळी मी कस्टमरची ताजी प्रिंट हातात घेतली तर रिव्हिजन १०, बोअर एच ७, वरची हद्द ३२.०२५. मोठा झालेला बोअर लहान करता येत नाही. ४६ च्या ४६ जॉब लाल पेटीत गेले.

सेटरकाकांची यात काडीची चूक नाही. मी समोर जे ठेवलं तेच त्यांनी केलं. ते दिवसभर गप्प होते, आणि ते मला फार लागलं.

क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) अशी आहे: आत ड्रॉइंग नंबरवर ग्रुप बाय (एका नंबरच्या ओळींचा एक गट) आणि रिव्हिजनचा मॅक्स; बाहेर तेच टेबल नंबर आणि रिव्हिजन दोन्हींवर जॉइन करून फाइलचं नाव आणतो. रिव्हिजन १० ची ओळ टेबलात आहे, डोळ्यांनी पाहिली. तरी मॅक्स ९ देतो. तीन वर्षं हीच क्वेरी नीट चालली. स्थितीचा कॉलमही आहे (ड्राफ्ट, रिलीज, रद्द), पण तो क्वेरीत घेतलेला नाही. मायएसक्यूएलचं व्हर्जन ८.०. कुठे चुकतंय?

जुना_डीबीए
रिव्हिजनचा कॉलम व्हारचार, म्हणजे मजकूर प्रकारचा, आहे ना? मग मॅक्स आकडा बघत नाही, अक्षरं बघतो. '१०' आणि '९' यांचं पहिलंच अक्षर ताडलं, १ आधी आणि ९ नंतर, निकाल तिथेच लागला. एखादं ड्रॉइंग दहाव्या रिव्हिजनला पोचेपर्यंत ही चूक दिसतच नाही, म्हणून तीन वर्षं निभावलं.

कास्ट करून आकडा बनवता येईल, पण सगळ्या कस्टमरच्या रिव्हिजन आकड्यांतच असतात का ते आधी सांगा.

बोअरगेज
व्हारचारच आहे. आणि नाही, एका कस्टमरच्या रिव्हिजन ए, बी, सी अशा येतात. म्हणून तर व्हारचार ठेवला होता.

जुना_डीबीए
मग कास्ट नको. 'ए' आणि 'बी' दोन्हींचा शून्य होईल. अक्षरांवरही भरवसा ठेवू नका: एएसएमई या अमेरिकन इंजिनिअरिंग संस्थेच्या पद्धतीत आय, ओ, क्यू, एस, एक्स, झेड ही अक्षरं वापरत नाहीत आणि वाय संपला की एए येतो. मजकूर म्हणून लावलंत तर एए हा बी च्याही आधी बसेल. कस्टमरने छापलेली रिव्हिजन जशीच्या तशी ठेवा, ती दाखवायला. शेजारी 'क्रम' नावाचा इंटिजर कॉलम घ्या, १, २, ३ असा, आणि मॅक्स त्याच्यावर लावा. रिव्हिजनच्या तारखेवर लावू नका; जुनं ड्रॉइंग उशिरा हाती आलं की तारखा गोंधळ घालतात.

८.० आहे तर जॉइनही सोडा. रो नंबर (गटातल्या ओळींना १, २, ३ नंबर देणारं फंक्शन) घ्या, पार्टिशन बाय (गट कशावर पाडायचे ते) कस्टमर आणि ड्रॉइंग नंबर, ऑर्डर बाय क्रम डिसेंडिंग, आणि बाहेरच्या क्वेरीत फक्त १ नंबरची ओळ घ्या. बाहेरच्याच, कारण त्याच क्वेरीतलं व्हेअर (ओळी गाळायची अट) आधी चालतं आणि रो नंबर नंतर पडतो. पार्टिशनमध्ये कस्टमर विसरू नका, दोन कस्टमरचा ड्रॉइंग नंबर एकच निघू शकतो.

नाशिकची_टेस्टर
दादा, वाचून वाईट वाटलं. पण स्थितीचा कॉलम आत्ताच हाताळा, नाहीतर पुढचा लॉट त्यात अडकेल. आमच्याकडे औषधांच्या बॅच रेकॉर्डला हेच झालं होतं.

समजा ९ आणि १० रिलीज आहेत, ११ ड्राफ्ट. 'स्थिती रिलीज' ही अट बाहेर लावलीत तर रो नंबर १ ड्राफ्टला मिळतो, बाहेर तो गळतो, आणि ड्रॉइंगच स्क्रीनवरून गायब होतं. म्हणून ड्राफ्ट आत गाळायचा, नंबर पडण्याआधी.

रद्दचं उलट आहे. ३ रिलीज, ४ रद्द, म्हणजे तो पार्टच बंद. इथे रद्द आत गाळलंत तर ३ पुन्हा वर येईल आणि बंद पार्ट मशीनवर चढेल. रद्दला आत राहू द्या, त्याचा नंबर १ येऊ द्या, आणि मग बाहेर अडवा. दोन्ही अटी एकाच व्हेअरमध्ये कोंबू नका.

बोअरगेज
ताई, हे मला एकट्याला सुचलं नसतं. काल रात्री टेबलाच्या कॉपीवर चालवून पाहिलं. रिव्हिजन १० किंवा पुढे गेलेली तीन ड्रॉइंग निघाली. बाकी दोघांचा लॉट अजून लागला नव्हता, सुटलो. आणि बंद झालेला एक ब्रॅकेट जुन्या क्वेरीत, रद्दची ओळ पकडून, खुशाल उघडत होता.

एक अडचण: एकाच ड्रॉइंगच्या दोन ओळींचा क्रम सारखाच आहे. तीच रिव्हिजन दोनदा अपलोड झालीय. रो नंबर त्यातली कुठलीही उचलणार ना?

जुना_डीबीए
हो, आणि कुठली ते सांगता येणार नाही. रँक (सारख्या क्रमाला सारखाच नंबर देणारं फंक्शन) वापरलंत तर दोन्ही येतील. दोन्ही मार्ग नकोत. कस्टमर, ड्रॉइंग नंबर, क्रम या तिघांवर युनिक इंडेक्स लावा, मग दुसरी ओळ भरताच येणार नाही. तोच इंडेक्स क्वेरीलाही कामी येईल.

बोअरगेज
युनिक लावायला गेलो तर डुप्लिकेट एंट्री म्हणून नाकारलं. ग्रुप बाय तिन्हींवर, हॅविंग काउंट एकपेक्षा जास्त, असं शोधलं; सात जोड्या निघाल्या. प्रत्येकीच्या दोन्ही फायली उघडून कस्टमरच्या प्रिंटशी ताडल्या. सहा हुबेहूब होत्या, त्यांतली एकेक ओळ काढली. सातव्या जोडीत एका फाइलवर कस्टमरचा रिलीजचा शिक्काच नव्हता, ती काढली. आता युनिक बसलाय.

स्क्रीनवर रिव्हिजन आता मोठ्या अक्षरात येते, शेजारी रिलीजची तारीख. उद्या फर्स्ट शिफ्टला त्याच हाउसिंगचा नवा लॉट आहे. सेटरकाकांना सांगितलंय, पहिला जॉब काढण्याआधी मला हाक मारा. प्रिंट घेऊन मी मशीनपाशी उभा राहणार आहे.