सबवूफरसाठी ८ मीटर केबल कोणती घ्यावी? (मदत हवी आहे)
एव्हीआर (होम थिएटरचा अ‍ॅम्प्लिफायर) टीव्हीखाली, १० इंची पॉवर्ड सबवूफर (स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला बासचा स्पीकर) सोफ्यामागे. सध्या घरातली जुनी लाल-पांढरी ऑडिओ केबल जॉइंट मारून लावली आहे (हसू नका). काहीही चालू नसताना सबमधून जुन्या फ्रिजसारखी ‘हूंऽऽ’ येत राहते.

सबमधून आरसीए पिन (याच ऑडिओ केबलचं टोक) काढली की एकदम शांत. दोन्ही एकाच बोर्डवर घेतले, फारसा फरक नाही. सेट-टॉप बॉक्सची केबलवाल्याची वायर उपसली की घरघर निम्म्याने उतरते, पण जात नाही. म्हणजे थोडा ग्राउंड लूप (जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट), थोडी केबलची कृपा असावी.

घर भाड्याचं, भिंत फोडता येत नाही. वायर पट्टीतून, लाइटच्या वायरीला लागूनच जाणार. सबला एलएफई (फक्त बाससाठीचं एकच) इनपुट आहे, वाय-केबलची (एका टोकाची दोन करणारी) गरज नाही.

दुकानदार महागडी ‘ऑक्सिजन-फ्री’ केबल गळ्यात मारतोय. केबलवाला म्हणतो, आरजी-६ला (केबल टीव्हीची वायर) आरसीए पिना लावून देतो. आरजी-६ची मधली तार बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेली स्टीलची असते. सबच्या २०-१२० हर्ट्झला त्याने काही बिघडतं का? आणि उरलेल्या घरघरीसाठी आरसीए लाइनवर स्वस्तातला आयसोलेटर (ग्राउंड लूप तोडणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) टाकला, तर तो ३० हर्ट्झखालचा बास खातो का?