फिलॉक्सेरावर कलमाचा उपाय ठाऊक असूनही फ्रान्सला एवढा उशीर का झाला?

निफाडचा बागायतदार
आमच्याकडे द्राक्षबागेत डॉगरिज या अमेरिकी वेलीच्या खुंटावर (म्हणजे मुळांसाठी लावलेल्या वेलीवर) पाचर कलम करणे इतके अंगवळणी पडले आहे की, त्यामागच्या इतिहासाचा विचार सहसा कोणी करत नाही. फ्रान्सच्या दक्षिणेत द्राक्षवेली वाळू लागल्यावर वनस्पतिज्ञ प्लांशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलै 1868 मध्ये मुळांवरची फिलॉक्सेरा ही कीड शोधली, आणि पुढच्याच वर्षी गास्ताँ बाझिय यांनी अमेरिकी खुंटावर कलम करण्याची कल्पना मांडली. तरीही 1875 मध्ये 8 कोटी हेक्टोलिटरच्या (एक हेक्टोलिटर म्हणजे 100 लिटर) वर गेलेले वाइनचे उत्पादन 1889 पर्यंत अडीच कोटींच्याही खाली आले. उपाय माहीत असताना वीस वर्षे कशात गेली?

खुंट आणि डोळा
मुख्य अडचण जमिनीची होती. अमेरिकी वेलीच्या मुळाला कीड डसली तरी जखमेभोवती बुचासारखा थर धरतो आणि मूळ सडत नाही, हे खरे. परंतु रिपारिया आणि रुपेस्ट्रिस हे सुरुवातीचे खुंट फ्रान्समधील शारांत किंवा शांपान्य भागातल्या चुनखडीच्या जमिनीत लावले की मुळांना लोह मिळेनासे होई आणि पाने पिवळी पडत. म्हणून 1887 मध्ये सरकारने द्राक्षतज्ज्ञ प्येर व्हियाला यांना अमेरिकेत पाठवले. टेक्सासमध्ये मन्सन या वनस्पतिज्ञांच्या मदतीने त्यांना चुनखडीच्या टेकड्यांवर तग धरणारी बर्लांडिएरी ही जात भेटली. तिच्या काडीला मात्र मुळे सहज फुटत नाहीत, त्यामुळे संकर करण्यावाचून गत्यंतर नव्हते. आपल्याकडे काही बागांत लावला जाणारा 110-आर हा खुंट बर्लांडिएरी आणि रुपेस्ट्रिस यांचाच संकर आहे, आणि डॉगरिजही मूळचा टेक्सासचाच.

चुनखडी
वरील उत्तराशी सहमत आहे, तथापि विरोधाचा भाग मला तितकाच मोठा वाटतो. परकी मुळे आली की वाइनची चव बिघडेल, ही भीती प्रामाणिक होती. शिवाय कीड ज्या अमेरिकी वेलींबरोबर आली, त्याच वेली पुन्हा आणायच्या, हे शेतकऱ्याला पटणे सोपे नव्हते. बर्गंडी या वाइनच्या प्रांतात कलमांवरील बंदी 1887 पर्यंत उठली नाही. ज्यांना परवडत होते ते जमिनीत कार्बन डायसल्फाइड हे कीड मारणारे रसायन सोडत राहिले, आणि ज्यांच्या बागा सपाटीवर पाण्याजवळ होत्या ते हिवाळ्यात कित्येक आठवडे त्या पाण्याखाली ठेवत. दक्षिणेत समुद्राजवळच्या एगमोर्तच्या वाळूत तर कीड टिकतच नसे.

दाब कलम
एक गोष्ट राहून गेली आहे. पूर्वी फ्रान्समध्ये वेल म्हातारी झाली की तिची फांदी मातीत दाबून नवी वेल तयार करत. बाग अशी आपोआप नवी होत राही आणि वेली ओळी न धरता दाटीने वाढत. कलमी वेलीला हे चालत नाही, कारण दाबलेली फांदी स्वतःची मुळे धरते आणि ती मुळे किडीला बळी पडतात. म्हणून कलम स्वीकारणे म्हणजे बाग समूळ उपटून पुन्हा लावणे, ओळी आखणे, आणि नवी वेल धरेपर्यंत काही वर्षे उत्पन्नाविना काढणे असे होते. लहान शेतकऱ्याने हे कशाच्या जोरावर करावे? उलट बर्गंडीतील रोमाने-कोंती या नामांकित बागेने औषधांच्या आधारे आपल्या जुन्या, कलम न केलेल्या वेली 1945 च्या हंगामापर्यंत जपल्या. त्यानंतर त्या उपटून कलमी वेली लावण्यात आल्या, आणि त्या बागेची पुढची वाइन निघायला 1952 साल उजाडले.