अनुभव लिहा : ब्लॉग कसा सुरू केला, कसा टिकवला? (सातारा-सांगलीकरांसाठी)

सातारा, धागा मांडणारी

गेल्या दोन महिन्यांत चौघांनी मला एकच विचारलं, "ताई, ब्लॉग सुरू करायचाय, कुठून सुरुवात करू?" चौघांशीही फोनवर अर्धा-अर्धा तास बोलले. नंतर वाटलं, एकट्या माझ्या अनुभवावर कुणी का विसंबावं? म्हणून इथे विचारतेय. आपल्या भागातल्या ज्यांनी ब्लॉग लिहिला, अजून लिहिताहेत किंवा मध्येच सोडला, त्यांनी आपापलं सांगा. सल्ले मिळतातच, घडलेलं लिहा. चुकलेलं आधी लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. माझा विषय जुन्या विहिरी आणि बारवा. पहिली मोठी नोंद साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटेच्या विहिरीवर लिहिली. दोनदा जाऊन आले होते, फोटो स्वतः काढले होते. बांधकामाचं साल तेवढं नेटवरून उचललं, १६४१ ते १६४६. पाच-सहा ठिकाणी तेच होतं म्हणून खरं धरलं. महिनाभराने एका निवृत्त गुरुजींचा निरोप आला, "बाई, विहीर शाहू महाराजांच्या काळातली म्हणता आणि साल १६४१ देता. महाराजांचा राज्याभिषेक १७०८ चा. मग हे कसं?" दुसऱ्याच दिवशी पुन्हा लिंबला गेले आणि शिलालेखापुढे उभी राहिले. दगडावर 'शके' लिहिलेलं आहे. शके १६४१ ते १६४६. त्यात ७८ मिळवले की इसवी सन १७१९ ते १७२४ होतात, आणि विहीर बांधवणाऱ्या वीरूबाई भोसल्यांचा काळ बरोबर जुळतो. त्या दगडाचा फोटो माझ्या नोंदीत पहिल्या दिवसापासून होता. मी तो वाचलाच नव्हता.

चूक गुपचूप दुरुस्त केली नाही. नोंदीच्या माथ्यावरच लिहिलं की आधी इथे चुकीचं साल होतं, कुणी दाखवून दिलं आणि कधी बदललं. तेव्हापासून ते गुरुजी प्रत्येक नोंद छापायच्या आधी वाचतात. आठ वर्षं झाली.

आता तुम्ही लिहा.

तासगाव, द्राक्ष बागायतदार

ताई, चांगला विषय काढलात. माझी पहिल्या वर्षाची शीर्षकं सांगतो. 'द्राक्ष लागवड संपूर्ण माहिती'. 'डाऊनी रोगाचे नियंत्रण'. सगळं पुस्तिकांतून आणि औषधांच्या पत्रकांतून उतरवलेलं. ते आमच्याकडच्या प्रत्येक बागायतदाराच्या घरी आधीच होतं. वाचायचे कोण, तर मेहुणा आणि दोन मित्र.

मग एका ऑक्टोबरात फळछाटणीनंतर पाऊस लागला तो चार दिवस हललाच नाही. बागेत गुडघाभर चिखल, ट्रॅक्टर आत जाईना, ब्लोअर शेडमध्येच उभा. फवारणी दोन दिवस लांबली आणि डाऊनी घडात शिरला. अडीच एकरातली निम्मी बाग डोळ्यादेखत गेली. रात्री झोप येईना. वही घेतली आणि तीत होतं तसंच्या तसं टाइप करत बसलो. छाटणी कुठल्या तारखेला, पाऊस कितव्या दिवशी, कुठली फवारणी चुकली, पाठीवरचा पंप घेऊन दोन माणसं घातली असती तर किती ओळी वाचल्या असत्या. शीर्षक दिलं, 'छाटणीनंतर सोळाव्या दिवशी पाऊस : माझं कुठं चुकलं'.

सकाळी बघतो तर पलूस, मिरज, पार निफाडकडचे निरोप. एकानं लिहिलं होतं, "दादा, माझा आज चौदावा दिवस आहे, आभाळ भरून आलंय, मी काय करू?" मी त्याला फोन लावला. त्यानं त्याच दुपारी माणसं घालून हातपंपानं फवारणी उरकली.

तेव्हापासून प्रत्येक नोंदीच्या शीर्षकात छाटणीपासूनचा दिवस असतो. शेतकऱ्याला एकंदर माहिती मिळतेच, त्याला आज माझा कितवा दिवस आणि आज काय करायचं ते हवं असतं. बेदाण्याचंही तसंच. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेट किती पाण्यात किती, रॅकवर कितव्या दिवशी माल हलवला, ढग आले तेव्हा शेडचे पडदे कधी सोडले, हे तारखेनिशी लिहितो.

आणखी एक. आमच्याकडं खरडछाटणी एप्रिलच्या सुमाराला आणि फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. लोक त्या त्या वेळीच शोधतात. म्हणून एप्रिलचं लिखाण मी मार्चच्या सुरुवातीला टाकतो. बागेत काम सुरू झाल्यावर लिहायला बसलात तर वाचणाऱ्याची वेळ निघून गेलेली असते.

आटपाडी

मी अजून सुरू केलेला नाही, तरी विचारते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आजोबा खिलार जनावरांचे जाणकार. खरसुंडीच्या यात्रेत लोक त्यांना खोंड दाखवायला आणतात. त्यांचं सगळं तोंडी आहे, ते लिहून ठेवायचंय. पण आजोबा बोलतात ती आमच्या माणदेशाची भाषा. ती तशीच लिहू की पुस्तकी करू? आणि रोज लिहावं लागतं का?

मिरज, डीटीपीचं काम करणारा

ताई, भाषेचं बाकीचे सांगतीलच, मी अक्षरांचं सांगतो. या कामात मी पंचवीस वर्षं आहे आणि ब्लॉगच्या बाबतीत पहिल्याच पायरीला घसरलो होतो. सतार-तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांवर लिहिलेले माझे सगळे जुने लेख श्रीलिपीत, म्हणजे छपाईसाठीच्या जुन्या फॉन्टमध्ये होते. ते उचलून ब्लॉगवर चिकटवले. माझ्या संगणकावर छान दिसले, दुसऱ्यांच्या मोबाइलवर नुसता अगम्य चिन्हांचा कचरा. असा मजकूर शोधयंत्रालाही वाचता येत नाही. सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत बदलून घेतलं, पण बदलताना रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, त्यामुळं ओळ न् ओळ पुन्हा तपासावी लागली. भोपळा, घोड्या, जवारी असे कारागिरांचे शब्द तर जास्तच. तुम्ही नव्यानं लिहिताय, पहिल्यापासून युनिकोडच वापरा.

दुसरं, पत्ता, म्हणजे नोंदीची लिंक. ब्लॉगरवर शीर्षक देवनागरीत दिलं की त्या नोंदीच्या पत्त्यात नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' येतं, नाहीतर पुढं एखादा आकडा. वर्षाभरानं कुठली नोंद कुठली ते आपल्यालाच ओळखता येत नाही. वर्डप्रेसवर उलटा प्रकार. देवनागरी पत्ता व्हॉट्सअॅपवर चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची हातभर लांब माळ तयार होते, आणि लोक ती बघून दचकतात. उपाय एकच. प्रकाशित करायच्या आधी पर्मालिंकच्या रकान्यात जाऊन रोमन अक्षरांत दोन-तीन शब्दांचा पत्ता स्वतः लिहायचा. एकदा लोकांपर्यंत गेला की बदलू नका, जुने दुवे तुटतात.

फुकटचा घ्यावा की पैसे भरून, हे सगळे विचारतात. पहिल्या पंचवीस नोंदी फुकटच्या जागेवर लिहा. तोवर टिकलात तर स्वतःच्या नावाचा पत्ता (डोमेन) घ्या. आणि महिन्यातून एकदा सगळ्याचा बॅकअप उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा.

कराड

वरच्या दादांनी पत्त्याचं लिहिलं म्हणून लगेच सांगतो. मी स्वतःच्या नावाचा पत्ता विकत घेतला आणि नोंदणीला भावाचा ईमेल दिला. भाऊ नोकरीसाठी बाहेरगावी गेला, तो ईमेल उघडेना. नूतनीकरणाच्या आठवणी आल्या त्या तिथंच पडून राहिल्या. मुदत संपली, पत्ता दुसऱ्याच कुणीतरी उचलला. चार वर्षांचं लिखाण हाताशी होतं, पण लोकांकडं गेलेला प्रत्येक दुवा मेला. स्वतःचा ईमेल, स्वतःचा मोबाइल नंबर. यात घरच्यांवरही सोपवू नका.

त्याच भावानं आणि त्याच्या मित्रांनी मला मदत म्हणून रोज माझ्या पानावरच्या जाहिरातींवर क्लिक केले होते. जाहिरातींचं खातं कायमचं बंद झालं ते वेगळंच. घरात आधीच सांगून ठेवा, जाहिरातीला हात लावायचा नाही.

वाई, गृहिणी

जाहिरातींचा विषय निघालाच आहे तर माझं सांगते. माझा ब्लॉग स्वयंपाकाचा. सासूबाईंकडून शिकलेलं. डाळीचं पिठलं, घेवड्याची आमटी, उन्हाळ्यातलं वाळवण. पहिल्या पाककृतीत 'एक वाटी डाळ' लिहिलं तर एका मुलीनं विचारलं, "काकू, वाटी केवढी?" मी आमची वाटी काट्यावर ठेवून बघितली. घरात चार प्रकारच्या वाट्या निघाल्या, चौघींची मापं वेगळी. त्या दिवसापासून प्रत्येक पदार्थ आधी ग्रॅममध्ये मोजते आणि मग लिहिते. सासूबाईंनी चिमटीत धरलेलं मीठसुद्धा काट्यावर ठेवून घेतलं. त्या म्हणाल्या, "एवढे दिवस मला कुणी विचारलंच नव्हतं."

पैशाचं. मराठी मजकुरासाठी अॅडसेन्स, म्हणजे गूगलची जाहिरातींची सेवा, २०१८ मध्ये सुरू झालं. दहा डॉलर जमले की आपला घरचा पत्ता खरा आहे का हे बघायला पोस्टानं पिन येतो. माझ्या पत्त्यात घर क्रमांक नव्हता, पहिलं पत्र आलंच नाही. दुसऱ्यांदा मागवलं तेव्हा पोस्टमनदादांना आधीच सांगून ठेवलं. ते छोटंसं पाकीट घेऊन दारात उभे होते तेव्हा सासूबाईंनी त्यांना चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही. पण शंभर डॉलर झाल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत, आणि मला तिथवर पोचायला जवळजवळ दोन वर्षं लागली. लवकर पैसे मिळतील म्हणून सुरू करणाऱ्या दोन मैत्रिणींनी सहाव्या महिन्यात सोडलं. मला सासूबाईंचं लिहून ठेवायचं होतं म्हणून मी थांबले नाही, एवढाच फरक.

सातारा, कासला जाणारा

कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं, तेव्हापासून सप्टेंबरची गर्दी सगळ्यांना माहीत आहे. मी त्याआधीपासून फुलांवर लिहितोय. एका पावसाळ्यात मला कंदीलपुष्प सापडलं, पठारापासून बरंच बाजूला, एका कड्याच्या टोकाला. आनंदाच्या भरात कुठल्या वाटेनं गेलो, कुठल्या झाडाशी वळलो, सगळं लिहिलं. आठवड्याने परत गेलो तर तिथलं गवत तुडवून सपाट झालेलं आणि दोन ठिकाणी माती उकरलेली. कंदीलपुष्पाचा कंद लोक खणून खातात. कोण आलं होतं ते मला कळणार नाही, पण वाट मी दाखवली होती.

नंतर आणखी एक लक्षात आलं. मी जागा लिहायची बंद केली तरी मोबाइलनं काढलेल्या मूळ फोटोतच अक्षांश-रेखांश साठवलेले असतात. आता कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करूनच घराबाहेर पडतो. सीतेची आसवं, तेरडा, गेंद, कवला यांच्याबद्दल मोकळेपणानं लिहितो. दुर्मीळ असेल तर फूल दाखवतो, महिना सांगतो, जागा सांगत नाही. तुम्ही देवराईवर लिहा, घुबडाच्या ढोलीवर लिहा, नाहीतर पडक्या देवळातल्या मूर्तीवर, हे आधी ठरवून ठेवा.

सांगली, गावभाग

ऑगस्ट २०१९, कृष्णेचा महापूर. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मी तोवर नाट्यपरंपरेवर लिहायचो. विष्णुदास भावे, १८४३ चं सीता स्वयंवर, असं. पाणी चढायला लागलं तसं सगळं बाजूला ठेवून पुलावरची पातळी आणि कोयना धरणातून सोडलेल्या पाण्याचा विसर्ग टाकू लागलो. नेट आलं की टाकायचं, गेलं की वाट बघायची.

एका रात्री लिहिलं, "पाणी झपाट्यानं वाढतंय, आमच्या गल्लीतून लगेच बाहेर पडा." त्या क्षणी अगदी बरोबर होतं. वेळ घातली नाही. पाणी उतरायला लागलं त्या दिवशी कुणीतरी तीच ओळ पुढं ढकलली. आमच्या मागच्या गल्लीतल्या आजी आदल्या दिवशीच घरी परतल्या होत्या. अंगणातला गाळ अजून निघाला नव्हता. ती ओळ वाचून त्यांना पुन्हा रिक्षात घालून मिरजेला नेलं. त्यांच्या मुलानं मला फोन करून शांतपणे विचारलं, "हे तू आज लिहिलंस का?"

तेव्हापासून माझ्या प्रत्येक नोंदीची पहिली ओळ ठरलेली. तारीख, वेळ, कुठं उभा राहून लिहितोय, आणि पुढचं स्वतः पाहिलेलं की ऐकलेलं. विषय पुराचा नसला तरी. नाटकाच्या प्रयोगावर लिहितानाही. जुनी झालेली सूचना पुसून टाकत नाही, तिच्या माथ्यावर 'हे आता लागू नाही' असं ठळक लिहितो. पुसली तरी लोकांनी घेतलेले स्क्रीनशॉट फिरतच राहतात.

तासगाव, द्राक्ष बागायतदार

आटपाडीच्या ताई, तुमचं राहून गेलं. आजोबांचे शब्द आहेत तसे ठेवा. आमचे द्राक्षबागेतले शब्द 'पोंगा', 'काडी', 'वलांडा' मी बदलून बघितले होते, वाचणारे गोंधळले. आणि रोज लिहू नका. मी पंधरवड्याला एक लिहितो, पण तो पंधरवडा चुकवत नाही.

सातारा, धागा मांडणारी

तासगावच्या दादांशी मी सहमत आहे. आजोबांचं बोलणं अवतरणात त्यांच्या भाषेत, आणि मधलं तुमचं तुमच्या भाषेत. एखादा शब्द पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला अडेल असं वाटलं तर पुढच्याच वाक्यात त्याचा अर्थ येऊ द्या. आजोबांचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. लिखाण पुढं-मागं होईल, आवाज पुन्हा मिळणार नाही.

आटपाडी

सगळ्यांचे आभार. काल रात्री आजोबांना गोठ्यात दावणीपाशी बसवलं आणि रेकॉर्ड केलं. ते खोंडाचं तोंड उघडून दाखवत बोलत होते, "ह्यो बघ, म्होरलं दोन दात पडून नवं आलं, ह्यो दोन दाती. मग चार दाती, सहा दाती. समदं आलं की जुळला म्हणायचं. मालक वय काय बी सांगंल, दात खोटं बोलत न्हाईत." आज सकाळी पहिली नोंद टाकली. शीर्षक 'जुळला म्हणजे काय?' पत्ता रोमन अक्षरांत, दोनच शब्दांचा. पहिल्या ओळीत तारीख, वेळ, आमचा गोठा, आणि 'स्वतः पाहिलेलं'. फोटोचं लोकेशन बंद होतं. आजोबांनी मोबाइल हातात घेऊन नोंद दोनदा वाचली आणि सहा दातीचं वय मी चुकीचं टाकलंय म्हणून सांगितलं. ते बदललं, आणि वर तसं लिहिलंय.