मदत हवी आहे: सर्व्हायव्हलसाठी सुरी कोणती घ्यावी? (अर्जंट)

तिकोनापेठ
मंडळी, जंगलात टिकाव धरायला सुरी घ्यायची आहे. दोन बघून ठेवल्यात. एक १२ इंची, पाठीला करवतीचे दात, मूठ पोकळ, मुठीत काड्या, गळ आणि दोरा, टोपणात होकायंत्र. दुसरी स्वीडनची मोरा कंपॅनियन, दिसायला अगदीच भाजी चिरायची. मला पहिली बरी वाटते, एकात सगळं येतं. मित्र म्हणतो दुसरी घे. का, तर "सगळे तीच घेतात". आज रात्री ऑर्डर टाकली तरच वेळेत मिळेल. कृपया फक्त सुरीबद्दल बोला. "जंगलात मरायला कशाला जाताय" छाप प्रतिसाद नकोत.

पाऊलवाट
कुठलं जंगल? कधी जाताय, किती जण, मुक्काम किती? सुरीने नक्की काय करायचंय?

तिकोनापेठ
सह्याद्री. सुरीने जे करतात तेच.

कानस
पहिली डोक्यातून काढून टाका. चांगल्या सुरीत पात्याचं पोलाद मुठीत खोलवर जातं, जमल्यास शेवटापर्यंत. मूठ पोकळ ठेवायची तर पातं मुठीच्या तोंडाशीच संपवावं लागतं. स्वस्त मालात मग सगळा जोर एका नटावर येतो. लाकडात घालून दोन ठोके मारा, पातं लाकडात आणि मूठ तुमच्या हातात. पाठीचे दातही शोभेचे असतात, फांदीत अडकतात, कापत काहीच नाहीत.
कंपॅनियनचं पातं साधारण १०४ मिमी लांब आणि २.५ मिमी जाड. पोलाद शेवटापर्यंत जात नाही, पण मुठीत बरंच आत आहे. मोराच्याच गारबर्ग सुरीत ते पूर्ण जातं, जाडी ३.२ मिमी. मात्र तिची किंमत ऐकून घरी सांगू नका.

गावठी_माणूस
हे मिमी वगैरे ठीक आहे, पण आमच्या रानात जाणारा माणूस कमरेच्या आकडीत कोयती अडकवून जातो. कारवी तोडा, काटेरी जाळी साफ करा, नारळ फोडा, सगळं होतं. लोहाराकडे ट्रकच्या कमानपट्टीचा तुकडा द्या, दुपारपर्यंत तयार. स्वीडनहून काय मागवताय?

कानस
कमानपट्टीचं पोलाद उत्तमच, त्यावर वाद नाही. पण पाणी (तापवून एकदम थंड करणं) कोण देतो त्यावर सगळं आहे. जास्त कडक झालं तर धारेचा तुकडा उडतो, मऊ राहिलं तर दुमडते. शिवाय कोयत्याने भाकरीवर लोणी लावणार का?

गावठी_माणूस
आमचा लोहार तुमच्या स्वीडनवाल्यापेक्षा जास्त पोलाद बघून बसलाय. आणि भाकरी हाताने मोडतात.

थेम्सकाठी
इकडे इंग्लंडमध्ये घडीचा, कुलूप न लागणारा आणि ३ इंचांपर्यंत पात्याचा चाकूच विनाकारण जवळ बाळगता येतो. त्याहून मोठा असेल तर सबळ कारण दाखवावं लागतं. मी ओपिनेल हा फ्रेंच घडीचा चाकू घेतला होता, पण ८ नंबरला कुलपाची कडी असते, म्हणून तो फक्त घरी चीज कापायला वापरतो. पावसात त्याची लाकडी मूठ फुगते आणि पातं उघडता उघडत नाही हेही लक्षात घ्या.

पाऊलवाट
थेम्सकाठी, विचारणारे हिथ्रोवरून निघालेले नाहीत हो.
तिकोनापेठ, सह्याद्री डांगपासून कन्याकुमारीकडे पसरलाय. नीट सांगा.

तिकोनापेठ
बरं बाबा. रतनगड ते हरिश्चंद्रगड, डिसेंबरमध्ये, आम्ही तिघं. कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई असं. तंबू नेणार नाही, फांद्यांचा आडोसा करायचा, शेकोटीवर स्वयंपाक. आग पेटवायला ठिणगीची कांडी आणलीय. आता तरी सुरी सांगा!

रानवारा
हे पहिल्या पोस्टमध्ये सांगितलं असतं तर अर्धा धागा वाचला असता. हा जवळजवळ सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, १९८६ पासून. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ३१: लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र न्यायचं नाही. त्या कायद्यात शस्त्राची जी व्याख्या आहे तिच्यात बंदुका, फासे, जाळी यांच्यासोबत चाकूही मोडतात. कलम ३० प्रमाणे अभयारण्याला धोका होईल अशी आग लावायला मनाई आहे, आणि आडोशासाठी झाडाच्या फांद्या तोडणं हा तर सरळ गुन्हा. म्हणजे तुमच्या यादीतलं जवळजवळ एकही काम तिथे करता येत नाही.

वकीलसाहेब_नाही
घाबरवू नका लोकांना. ९ इंचांपर्यंत पातं चालतं. शस्त्र नियमांत तसं स्पष्ट आहे. सुरी खुशाल न्या.

रानवारा
तो शस्त्र कायदा, १९५९ चा, आणि त्याखालचे २०१६ चे नियम. तिथे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा मुद्दा परवान्याचा आहे, तोही अधिसूचित भागांत. घरगुती आणि शेतीच्या अवजारांना तिथे सूट आहे. अभयारण्याचा कायदा वेगळा, त्यात इंच मोजलेलेच नाहीत. शिवाय गावात जमावबंदीचा आदेश चालू असेल तर पोलीस तिसरंच कलम काढतील. आयडीत 'नाही' लिहिलंय ते बरं केलंत.

गावठी_माणूस
मग कुमशेतचा माणूस कोयता घेऊन गुरांमागे जातो त्याला कोण अडवतं?

रानवारा
तो तिथे राहतो, त्याचे हक्क वेगळे. तुम्ही पाठीवर सॅक आणि कमरेला १२ इंची रॅम्बो लटकवून नाक्यावर उभे राहिलात की तुमचा चेहराच अर्ज असतो.

मोगरा_फुलला
अवांतर: घरच्या विळीला धार कुठे लावून मिळते? आमच्याकडे हल्ली तो सायकलवाला येत नाही. पुणे, कोथरूड.

जुना_भिडू
सुरी हवीच. साप चावला तर जागच्या जागी छेद देऊन विष काढता येतं. धार ब्लेडसारखी पाहिजे.

आरोग्यकेंद्र
अजिबात नको! चिरू नका, चोखू नका, दोरीने आवळून बांधू नका. चिरल्याने विष निघत नाही. फुरसं किंवा घोणस असेल तर रक्त गोठेनासं होतं, त्यात तुम्ही जखम करून ठेवलेली. हातपाय हलू न देता माणसाला उचलून लवकरात लवकर सरकारी दवाखान्यात न्या. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, साप मारून सोबत आणायची गरज नाही. त्या वाटेवर कुमशेतमधला वाटाड्या कुठल्याही सुरीपेक्षा उपयोगी, गाडी कुठून मिळेल हे त्यालाच माहीत असतं.

कानस
ठिणगीच्या कांडीबद्दल राहिलंच. सुरीची पाठ काटकोनी घासलेली असेल तरच ती कांडीवर ओढून ठिणगी नीट पडते. कंपॅनियनची पाठ तशी नसते.

रानवारा
कानस, आग पेटवायची नाही हे वर लिहिलंय.

कानस
मी माहिती म्हणून सांगतोय. आणि कार्बन स्टील घेऊ नका, कोकणच्या बाजूला उतरलात की दमट हवेत दोन दिवसांत गंज. कातडी म्यानात ठेवलीत तर आणखी लवकर.

तिकोनापेठ
एवढं सगळं झाल्यावर प्रश्न तोच. तीन दिवस काकडी कशाने कापायची? आणि दोरी?

पाऊलवाट
काकडी दातांनी. दोरीसाठी आणि जखमेच्या पट्टीसाठी प्रथमोपचाराच्या पेटीतली बोथट टोकाची कात्री पुरे. चाकू न्यायचाच असेल तर वनखात्याकडे आधी लेखी परवानगी मागा, तोंडी "चालेल" म्हणाले यावर जाऊ नका. रतनवाडी, कुमशेत आणि पाचनई तिन्ही गावांत आधी फोन केला तर जेवण आणि झोपायची सोय होते. सुरीचे पैसे त्यात घाला, आणि जास्तीचं पाणी घ्या. खिंडीच्या चढाला डिसेंबरात ओढे आटत आलेले असतात.

तिकोनापेठ
म्हणजे काहीच घेऊ नको?

कानस
घ्या ना. कंपॅनियन. घरी वापरा, भाजी मस्त चिरते.

गावठी_माणूस
लोहाराचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. मोगराताई, तुम्हालाही. विळीला तोच धार लावतो, पण कोथरूडला येणार नाही, तुम्हाला रत्नागिरीला यावं लागेल.