मदत हवी आहे: 'द इनोसंट्स'ची न कापलेली प्रत कुठे मिळेल?

जॅक क्लेटनचा १९६१ चा 'द इनोसंट्स' हा भयपट आईला दाखवायचाय. डेबोरा कर त्यात गव्हर्नेस आहे, आडबाजूच्या हवेलीत दोन पोरक्या भावंडांना सांभाळायला आलेली. माझ्याकडची प्रत जुन्या टीव्हीच्या मापाची, दोन्ही बाजूंनी कापलेली. मूळ चित्रपट सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद पडद्याचा! छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिसने फिल्टरच्या कडा मुद्दाम रंगवून चौकट बाजूंनी काळवंडवली होती. भीती त्या अंधारातच दबा धरून बसलेली असते, आणि नेमका तोच भाग कापलाय. तळ्यापलीकडच्या गवतात काळ्या कपड्यांतली बाई नुसती उभी असते, तो प्रसंग तरी धड दिसायला हवा ना!

शिवाय सुरुवातीला पडदा काळाच राहतो आणि लहान मुलीचं गाणं ऐकू येतं. माझ्या प्रतीत तेही गायब.

आईला कमी ऐकू येतं, म्हणून इंग्रजी सबटायटल्स हवीतच. पूर्ण रुंदीची ब्ल्यू-रे कुणी घेतली आहे का? आपल्याकडच्या प्लेअरवर चालते की रीजनची (डिस्क ठरावीक देशांतल्या प्लेअरवरच चालण्याची) अडचण येते? पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे, जरा लवकर सांगाल का?