शब्दचर्चा : विषाणू आढळणे, लागण आणि आजार

भाषांतर करणारी : मूळपेशी प्रत्यारोपण (दात्याच्या रक्त तयार करणाऱ्या पेशी देणं) होऊन गावी परतलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी माहितीपत्रक मराठीत करते आहे. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीच्या खेड्यांत जाईल. बहुतेक मुलं सिकलसेल नि थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारांची. मूळ मजकुरात ‘इन्फेक्शन’ आणि ‘डिसीज’ वेगवेगळे येतात. दोन्हींना ‘संसर्गजन्य आजार’ म्हटलं तर भागेल का?

बालरक्तरोगाचे डॉक्टर : नाही भागणार, ताई. पहिला शब्द लागू झाला नि दुसरा अजून व्हायचा आहे, त्याच दिवसांत औषध सुरू करायचं असतं. सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे सीएमव्ही घ्या. रक्तात, लघवीत, शरीरातल्या कुठल्याही द्रवात वा ऊतीत तो विषाणू, त्याचं प्रथिन किंवा डीएनए सापडला की ‘इन्फेक्शन’, मूल हसतंखेळतं असलं तरी. ‘डिसीज’ म्हणायला त्या अवयवाची लक्षणं हवीत आणि विषाणू त्याच अवयवात दिसायला हवा. जुलाब आहेत आणि रक्तात सीएमव्ही आहे, एवढ्यावरून आतड्याचा सीएमव्ही पक्का होत नाही. दुर्बीण घालून आतड्यावरचे व्रण पाहावे लागतात, तुकडा काढून त्यात विषाणू दाखवावा लागतो. डोळ्याच्या पडद्याचं मात्र वेगळं. तिथं जाणत्या नेत्रतज्ज्ञानं पाहिलेली खूण पुरते.

जुलाबांचं नाव चुकलं तर उपचार उलटा पडतो. दात्याच्या पेशी मुलाच्या आतड्यावर उठल्या, तरी जुलाबच होतात. त्यावर स्टेरॉईड देतात. तेच स्टेरॉईड प्रतिकारशक्ती दाबून विषाणूला मोकळं रान देतं.

भाषांतर करणारी : मग ‘प्रोबेबल’ आणि ‘पॉसिबल’? कोशात दोन्हीला ‘संभाव्य’ सापडतं.

बालरक्तरोगाचे डॉक्टर : ‘संभाव्य’ टाळाच. २०१७ साली छापलेल्या सीएमव्हीच्या व्याख्यांत खात्रीच्या तीन पायऱ्या आहेत. ‘पक्का’, ‘बहुतेक’ आणि ‘शंका’ हे शब्द पुरतात. आतड्याच्या तुकड्यात फक्त पीसीआरनं, म्हणजे विषाणूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीनं, डीएनए सापडला, तर तो ‘शंका’तच राहतो, कारण तुकड्याबरोबर रक्तही येतं.

लॅबमधले : ‘व्हायरेमिया’ला ‘विषाणुरक्तता’ असा एक शब्द काही ठिकाणी वापरतात, तो नको. पीसीआर डीएनएचे तुकडे मोजतो. ते जिवंत विषाणूचेच असतील असं नाही. ‘रक्तात विषाणूचा डीएनए आढळला’ असं सरळ लिहा. आकड्यांबद्दलही एक ओळ हवी, कारण आईबाप दोन रिपोर्ट शेजारी ठेवून बघतात. विषाणूच्या डीएनएचा आकडा ४०० चा ९०० झाला तर ती खरी वाढ धरत नाहीत, मोजणीतच तेवढा फरक पडू शकतो. साधारण तिपटीच्या वर गेलं की दखल घ्यायची. दोन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे आणि एकाच प्रकारच्या नमुन्याचे हवेत. अख्ख्या रक्ताचा आकडा प्लाझ्माशी, म्हणजे पेशी वेगळ्या काढून उरलेल्या द्रवाशी, ताडू नये. तालुक्याहून नागपूरला नळी पाठवताना प्लाझ्मा शक्यतो २४ तासांच्या आत वेगळा करा. नाहीतर पांढऱ्या पेशी फुटून आतला डीएनए बाहेर येतो नि आकडा उगाच फुगतो.

अँटिबॉडीचा जुना रिपोर्ट दाखवून ‘पॉझिटिव्ह आहे’ म्हणणारेही भेटतात. रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन चढवलेल्या मुलात त्या अँटिबॉडी रक्त देणाऱ्याच्या असू शकतात. तान्ह्यात आईच्याही.

गटप्रवर्तक (आशाताईंच्या कामावर देखरेख करणारी), यवतमाळकडची : गावात पहिला सवाल हाच येतो, “पोराले ताप त नाई, मंग औषध काहून?” तिथं व्याख्या सांगून उपयोग नाही, कपाशी सांगावी. बोंडअळीसाठी कामगंध सापळा लावतो, मादीच्या वासानं नर पतंग त्यात येतात. सापळ्यात पतंग आले म्हणजे बोंड किडलं असं नाही. पण सलग ३ दिवस रोज सापळ्यामागे ८ पतंग आले की फवारणीचं बघतो; बोंड सडायची वाट कोणी पाहत नाही. रक्तातला विषाणू म्हणजे सापळ्यातले पतंग. आजार म्हणजे किडकं बोंड. उलटंही घडतं. गुलाबी अळीचं बोंड बाहेरून हिरवंगार असतं, आत खाऊन पोकळ. म्हणून २० बोंडं फोडून बघतात.

बालरक्तरोगाचे डॉक्टर : अगदी बरोबर बसलं, ताई! आतड्याच्या सीएमव्हीत रक्ताचा रिपोर्ट कधी कधी कोरा येतो आणि तुकड्यातच विषाणू सापडतो. ‘थ्रेशोल्ड’ला ‘उंबरठा’ न म्हणता ‘औषध सुरू करायची पातळी’ म्हणा. ती प्रत्येक केंद्राची वेगळी असते. सरसकट पहिल्या दिवसापासून गॅन्सिक्लोव्हिर हे सीएमव्हीवरचं औषध का देत नाहीत, तेही लिहा. वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी शिरेतून, असं ते देतात, आणि त्यानं पांढऱ्या पेशी उतरतात. नव्या मज्जेला ते सोसत नाही. म्हणून प्रत्यारोपणानंतर साधारण पहिले १०० दिवस दर आठवड्याला रक्त तपासायचं.

गटप्रवर्तक : ‘बाधा’ हा शब्दही नको. कोरोनात बातम्यांतून ‘बाधित’ रुळला, पण खेड्यात ‘बाधा’ म्हणजे ‘बाहेरचं’. लेकरू दवाखान्याआधी भगताकडं जातं. आणि ‘संसर्ग’ म्हटलं की घरात विचारणा सुरू, कोणाचं लागलं? बोट आईकडं जातं.

बालरक्तरोगाचे डॉक्टर : हे फार महत्त्वाचं आहे. सीएमव्ही अनेकदा मुलाच्या अंगात आधीपासून निजलेला असतो, नाहीतर दात्याच्या पेशींतून येतो. घरात कुणाचंच काही चुकलेलं नसतं. तिथं ‘संसर्ग झाला’ ऐवजी ‘विषाणूनं उचल खाल्ली’ म्हणा. दुखणं उचल खातं, हे सगळ्यांना कळतं. ‘लागण’ फ्लू, आरएसव्ही अशा सर्दीखोकल्याच्या विषाणूंना ठेवा. ते खरोखर शेजारच्या माणसाकडून येतात, म्हणून मास्क नि हात धुणं त्या ओळीत शोभतं.

भाषांतर करणारी : असं करते. ‘रक्तात विषाणू आढळला आहे. अजून त्यानं आजार केलेला नाही. आजार होऊ नये म्हणून औषध सुरू करत आहोत.’ आणि औषधानंतर, ‘विषाणू गेला’?

लॅबमधले : ‘गेला’ नको. सीएमव्ही अंगातून कायमचा जात नाही. ‘या नमुन्यात आढळला नाही’ लिहा. आमच्या रिपोर्टवर ‘आढळला, पण मोजण्याइतका नाही’ असाही शेरा येतो. त्याला निगेटिव्ह समजू नये. पुढच्या तपासणीची तारीख त्याच ओळीत घाला, वेगळ्या पानावर नको.